एकाच जाजमावर
आपल्या पट्ट्यातल्या हिवाळी सणांची गोष्ट



गेल्या पौषातली गोष्ट. आमच्या बचत गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या आणि मग संक्रांतीच्या हळदीकुंकवाची यादी करायला बसलो. दरवर्षी हे काम दहा मिनिटांत उरकतं. त्या दिवशी तासभर झाला तरी यादी पुरी होईना.

अडलं दोन ठिकाणी. गट सुरू झाल्यापासून हिशेब ठेवणारी आमची एक मैत्रीण आहे. तिचे मालक श्रावणात गेले. तिनंच आधी सांगून टाकलं, "माझं नाव लिहू नका. तिळगुळाचं सामान आणून देते, पण त्या दिवशी मी येत नाही." कुणी काही बोललं नाही. दुसरं अडलं ते खोल्यांमधल्या बायकांपाशी. चाकणच्या आसपासच्या गावांत आता घरामागं, गोठ्याच्या जागेवर, रस्त्याच्या कडेला भाड्याच्या खोल्या झाल्या आहेत. त्यांत बिहारच्या, उत्तर प्रदेशच्या, ओडिशाच्या बायका राहतात, आपल्याच मराठवाड्या-विदर्भातल्याही राहतात. एक नगरकडची ख्रिस्ती बाई आहे. दोन घरं मुसलमानांची आहेत. "त्यांना आपलं हळदीकुंकू काय कळणार?" एकीनं विचारलं. दुसरी म्हणाली, "आणि आपल्या परंपरेत असं कधी झालेलं नाही."

हे खरं का, तेवढं आधी बघायचं असं आम्ही ठरवलं. शाळेतल्या बाईंना विचारलं, वाचनालयातली पुस्तकं आणली, घरातल्या म्हाताऱ्या माणसांपाशी बसलो. जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढं मांडतोय.

नदीकाठचा कार्तिक

आपल्याकडचा हिवाळा सुरू होतो इंद्रायणीच्या काठावर. कार्तिक वद्य एकादशीला आळंदीची यात्रा भरते आणि वद्य त्रयोदशीला ज्ञानेश्वर माउलींच्या समाधीचा सोहळा होतो. समाधी १२९६ सालची, म्हणजे सातशे वर्षांहून अधिक काळ लोटला. आमच्या सासवा सांगायच्या, यात्रेच्या दिवसांत दारात आलेल्या वारकऱ्याला गाव विचारायचं, जात विचारायची नाही, आणि भाकरी पुढं करायची.

पण याच वारकरी पंथातले संत चोखोबा. त्यांना पंढरपूरच्या देवळात पाऊल टाकता आलं नाही. त्यांची समाधी देवळाच्या बाहेर, नामदेव पायरीसमोर आहे. ते दार सगळ्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसावं लागलं. म्हणजे परंपरेत भाकरीही होती आणि बंद दारही होतं. दार उघडलं ते आपोआप नाही.

याच कार्तिकात, दिवाळीनंतर सहाव्या दिवशी, बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशाकडच्या बायका छठपूजा करतात. दीड दिवसाचा कडक उपवास असतो, पाणीसुद्धा घेत नाहीत. मावळत्या सूर्याला अर्घ्य द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उगवत्याला. हातात बांबूचं सूप, त्यात ऊस, नारळ, केळी आणि घरी तळलेला ठेकुआ. आपल्या पट्ट्यात ही पूजा पवनेच्या आणि इंद्रायणीच्या घाटांवर होते. बघायला गेलात तर सूप आणि ऊस ओळखीचेच वाटतील.

कार्तिकी पौर्णिमेला आपण त्रिपुरी पौर्णिमेचे दिवे लावतो. त्याच दिवशी शीख मंडळी गुरू नानकांची जयंती करतात. आकुर्डीच्या गुरुद्वारात त्या दिवशी लंगर असतो. श्रीमंत-गरीब, कोणत्याही धर्माचा माणूस असो, सगळे जमिनीवर एका पंगतीत जेवतात. त्या गुरुद्वारात ज्याची पूजा होते त्या गुरू ग्रंथसाहिबात आपल्या संत नामदेवांची ६१ पदं आहेत. माउलींच्या समाधीच्या वेळी आळंदीला असलेले हेच नामदेव पुढं पंजाबात गेले आणि घुमान गावी राहिले. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्या घुमानला झालं आणि पुढचं, २०१६ च्या जानेवारीत, आपल्या पिंपरी-चिंचवडला. आम्हाला हे कळलं तेव्हा एक मैत्रीण म्हणाली, "मग ते परके कसे? आपला माणूस तर आधीच त्यांच्या घरी गेलेला आहे."

एक कडू गोष्टही सांगायला हवी. छठ आणि आळंदीची कार्तिकी यांच्यात वीसेक दिवसांचं अंतर. दोन्ही वेळा बायका त्याच इंद्रायणीच्या पाण्यात उतरतात, आणि त्या पाण्यावर कितीदा तरी पांढरा फेस तरंगत असतो. शहरांचं आणि कारखान्यांचं सांडपाणी नदीत येतं त्याचा तो फेस. बिहारची बाई त्यात उभी राहते, मराठवाड्यातून दिंडीबरोबर आलेली आजीही त्यातच बुडी मारते. नदीसाठी बोलायचं झालं तर दोघींनी मिळूनच बोलावं लागेल.

मार्गशीर्षातला रोडगा

मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी म्हणजे चंपाषष्ठी. आपल्या खेड तालुक्यात निमगावला खंडोबाचं ठाणं आहे. तिथं त्या दिवशी भंडारा उधळला जातो. घरोघरी वांग्याचं भरीत, बाजरीचा रोडगा आणि कांद्याची पात यांचा नैवेद्य होतो. चातुर्मासात वर्ज्य केलेले कांदा-वांगं बऱ्याच घरांत या दिवशी पुन्हा शिजतात. चाकण म्हणजे कांद्याची मोठी पेठ, त्यामुळं आपल्याकडं याचं अप्रूप जास्तच.

या खंडोबाचा संसार बघा. एक बायको म्हाळसा, लिंगायत वाण्याची लेक. दुसरी बाणाई, धनगराची. मुसलमान भक्त त्याला मल्लूखान म्हणत आले. आपल्या कुलदैवताच्या घरात एवढ्या जातीपातींची माणसं नांदतात, आणि आपण आठ बाय दहाच्या खोलीतल्या बाईला काय कळणार म्हणून बाहेर ठेवतो.

मार्गशीर्ष वद्य षष्ठीला चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधीचा उत्सव होतो. हाही पवनेच्या काठावर. मार्गशीर्षातल्या गुरुवारी आपण महालक्ष्मीचा घट मांडतो. आपल्या पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांना सुट्टीही गुरुवारचीच असते. त्यामुळं घटाच्या दिवशी घरातला माणूस घरी असतो. हे सुख पुण्याच्या बायकांना नाही!

माणसं आली, सण आले

हे सगळे लोक इथं आले कधी? थोडक्यात सांगतो. १९४७ ला फाळणी झाली. सिंधमधून घरदार सोडून आलेल्या कुटुंबांना पिंपरीत छावणी मिळाली. म्हणून आजही ती जागा पिंपरी कॅम्प. १९५४ साली पिंपरीत सरकारनं हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा पेनिसिलिनचा कारखाना काढला. त्याला जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत होती. १९६२ ला एमआयडीसी स्थापन झाली आणि त्या दहा वर्षांत आकुर्डीला बजाज, पिंपरीला टेल्को आली. १९७० ला नगरपालिका झाली, १९८२ ला महानगरपालिका. १९९० नंतर कारखाने चाकणकडं सरकले. २०११ च्या जनगणनेत एकट्या पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या १७ लाखांवर गेली होती.

जमिनी आपल्या गेल्या. काहींना चांगला पैसा मिळाला, काहींच्या हाती काहीच उरलं नाही. हे दुखणं खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही. पण खोलीतली बाई ती जमीन घ्यायला आलेली नाही. तिचंही शेत तिकडं कुणीतरी कसतंय किंवा विकलं गेलंय. तिचं भाडं आपल्या घरात येतं आणि त्यातून आपल्या गटाचा हप्ता जातो.

पंचवीस डिसेंबर

एका तारखेची गोष्ट आम्हाला फार आवडली. २५ डिसेंबर.

सगळ्यांना माहीत असलेला सण नाताळ. हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, पण आता तो आपल्या भाषेतलाच झाला आहे. मराठी ख्रिस्ती समाजही आजकालचा नाही. फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज धर्मगुरूनं गोव्यात ओवी छंदात 'क्रिस्तपुराण' रचलं, ते १६१६ साली छापलं गेलं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी येशूची भजनं मराठीत केली. आमच्या गावातली ख्रिस्ती बाई नाताळाला करंज्या, शंकरपाळे आणि चकल्या करते. आम्ही दिवाळीला करतो, तेच. पहिल्यांदा ताट घेऊन आली तेव्हा आमच्यातली एक चकित झाली, "अगं, केक नाही का?"

त्याच तारखेला, २५ डिसेंबर १९५४ ला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देहूरोडला भगवान बुद्धांच्या मूर्तीची स्थापना केली. मूर्ती ब्रह्मदेशातून आणलेली. नागपूरची धम्मदीक्षा १९५६ सालची, म्हणजे देहूरोड त्याच्या जवळजवळ दोन वर्षं आधी. दर २५ डिसेंबरला तिथं पांढऱ्या साड्या नेसून बायका लेकरांसह येतात आणि वंदना होते.

आणि त्याच्याही आधी, २५ डिसेंबर १९२७ ला, महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचं दहन झालं. बाईला आणि खालच्या म्हटलेल्या जातींना बांधून ठेवणारे नियम त्या ग्रंथात होते. म्हणून हा दिवस महाराष्ट्रात अनेक संघटना स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळतात. एका तारखेला इतक्या बायका इतक्या कारणांनी घराबाहेर पडतात, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

आठवड्यानं १ जानेवारी येते. भीमा कोरेगावला १८१८ सालच्या लढाईचा विजयस्तंभ आहे. बाबासाहेब १९२७ च्या १ जानेवारीला तिथं गेले होते. आता तिथं लाखो लोक येतात आणि चाकण-शिक्रापूर रस्त्याची वाहतूक वळवली जाते. २०१८ साली त्या दिवशी तिथं दगडफेक आणि जाळपोळ झाली, दोन दिवसांनी महाराष्ट्र बंद होता. त्या दिवसांत आम्ही एक गोष्ट शिकलो. ज्या गल्लीत बायका एकमेकींच्या घरी जात-येत होत्या, तिथं अफवा कमी टिकल्या. ओळख नसते तिथं फोनवर आलेलं काहीही खरं वाटतं.

ईदचं विचाराल तर ती कोणत्याच ऋतूची नाही. मुसलमानांचं वर्ष चंद्राचं, आपल्या वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान. म्हणून ईद दरवर्षी अलीकडं सरकते आणि साधारण तेहेतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. २००० सालच्या आसपास ती हिवाळ्यात होती, तेव्हा शिरखुर्म्याच्या वाट्या थंडीतच पोचायच्या. आता ती पुन्हा हिवाळ्याकडं येते आहे. २०३० साली तर रमजान एकाच वर्षात दोनदा लागेल, जानेवारीत आणि परत डिसेंबरात.

एकच संक्रांत

आता संक्रांत. आपल्याकडं भोगीला वांगी, गाजर, घेवडा, पावटा, ओला हरभरा, बोरं असं शेतात जे असेल ते एका भांड्यात पडतं. वर तिळाचं कूट आणि सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. 'न खाई भोगी तो सदा रोगी' असं म्हणतातच. आम्ही खोल्याखोल्यांतून विचारत गेलो, तुमच्याकडं या दिवशी काय करता?

बिहारची म्हणाली, दही-चुडा आणि तिळकूट. चुडा म्हणजे आपले पोहे. उत्तर प्रदेशची म्हणाली, आमच्याकडं सणाचं नावच खिचडी. ओडिशाची म्हणाली, नवा तांदूळ, गूळ, नारळ, केळं कालवून मकर चाउळ. कर्नाटकातली म्हणाली, आम्ही तीळ-गूळ वाटतो आणि गोड बोला म्हणतो, अगदी तुमच्यासारखंच. तमिळ बाई म्हणाली, पोंगलच्या आदल्या दिवसाला आम्हीही भोगीच म्हणतो, त्या दिवशी जुनंपानं जाळतो. पंजाब्यांची लोहडी आणि सिंध्यांची लाल लोई त्याच रात्रीची. शेकोटी पेटवायची आणि तीळ, रेवडी, शेंगदाणे वाटायचे.

कारण साधं आहे. नवं पीक घरात आलेलं असतं, थंडीला तीळ आणि गूळ अंगाला ऊब देतात, आणि सूर्य मकर राशीत जातो तो सगळ्यांसाठी एकाच वेळी. 'त्यांना काय कळणार' या प्रश्नाचं उत्तर आम्हाला तिथंच मिळालं.

सावित्रीबाईंची जाजम

राहिला दुसरा मुद्दा, परंपरेत असं कधी झालं नाही. मैत्रिणींनो, झालं आहे. तेही इथून दीड तासाच्या वाटेवर, पुण्यात.

१८५२ चा जानेवारी महिना. सावित्रीबाई फुल्यांचं वय तेव्हा एकवीस. मुलींची शाळा काढून चारेक वर्षंच झाली होती. त्यांनी महिला सेवा मंडळ नावाची बायकांची संस्था काढली आणि तिच्या वतीनं तिळगुळाचा कार्यक्रम ठेवला. अध्यक्ष होत्या कलेक्टरसाहेबांच्या पत्नी, जोन्सबाई. आमंत्रणाची पत्रिका काढली, त्यात स्पष्ट लिहिलं होतं, की बाई कोणत्याही जातीची असो, भेद न करता सगळ्यांना एकाच जाजमावर बसवून हळदीकुंकू आणि तिळगूळ दिला जाईल.

विचार करा. त्या काळी सावली पडली तरी विटाळ मानणारी माणसं होती. शाळेत जाताना सावित्रीबाईंच्या अंगावर शेण-चिखल फेकणारी होती. त्या पुण्यात ही पत्रिका निघाली. आज आपण ज्याला परंपरा म्हणून यादी करायला बसतो, त्या हळदीकुंकवाची ही पावणेदोनशे वर्षांपूर्वीची यादी, आणि तिच्यात कुणालाही वगळलेलं नव्हतं.

विधवांसाठीही त्याच घरानं दार उघडलं. १८६३ साली फुले दांपत्यानं आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथं यावं आणि सुखरूप बाळंत व्हावं म्हणून. पंडिता रमाबाई स्वतः विधवा. त्यांनी १८८९ साली विधवांसाठी शारदा सदन काढलं आणि पुढं आपल्या जिल्ह्यातच केडगावला दुष्काळातल्या बायकांना आसरा दिला. महर्षी कर्व्यांचा आश्रम १८९६ चा. आणि अगदी अलीकडं, २०२२ च्या मे महिन्यात, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगितलं. हेरवाडही आपल्यासारखंच गाव, तिथली ग्रामपंचायतही आपल्यासारखीच.

मग आम्ही काय केलं

आम्ही यादीच केली नाही. 'तिळगूळ मेळावा' असं नाव दिलं आणि खोल्याखोल्यांत जाऊन तोंडी निमंत्रण दिलं. पहिली पाळी सुटून बायका घरी पोचतात, म्हणून वेळ संध्याकाळी पाचची ठेवली. मांडववाल्याकडून मोठी जाजम आणली. खुर्च्या मुद्दाम ठेवल्या नाहीत, गुडघे दुखणाऱ्या आज्यांसाठी तेवढ्या चार. प्रत्येकीनं आपल्या मुलखाचा तिळाचा पदार्थ आणायचा. हळदीकुंकवाची ताटली मधोमध ठेवली. जिला लावायचं तिनं लावावं, जिला नको तिला कुणी का म्हणून विचारायचं नाही. वाण म्हणून कापडी पिशवी दिली आणि तिच्यात एक चिठ्ठी. चिठ्ठीवर आशाताईंचा नंबर, पोलिसांचा ११२ आणि महिलांच्या मदतीचा १८१. परगावी राहणाऱ्या बाईला याहून उपयोगाचं वाण आम्हाला सुचलं नाही.

सगळं गोड झालं असं सांगणार नाही. दोन थोरल्या बायका दारातूनच परत गेल्या. एक म्हणाली, देवाधर्माचं असं करू नये. आम्ही वाद घातला नाही, दुसऱ्या दिवशी तिळगूळ घेऊन त्यांच्या घरी गेलो. एकीनं घेतला, एकीनं नाही.

आमची हिशेबवाली मैत्रीण सामान घेऊन आली आणि दाराशीच उभी राहिली. बिहारच्या त्या बाईला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. तिनं हाताला धरून तिला जाजमावर बसवलं आणि तिळकुटाचा तुकडा हातावर ठेवला. मैत्रिणीनं कुंकू लावलं नाही. पण उठूनही गेली नाही, शेवटपर्यंत बसली.

तुमच्याही गटात येत्या महिन्यात अशी यादी होईल. आमचं सांगणं एवढंच, की यादी करण्याआधी आपल्या खोल्यांमधून एकदा फिरून या. संक्रांतीला काय करता, एवढं विचारा. आणि गटातली जी मैत्रीण आपणहून माझं नाव लिहू नका म्हणेल, तिच्या शेजारी आधी जाऊन बसा.

या वर्षीच्या मेळाव्याचं सामान, वेळ, मांडव सगळं आमच्या त्याच मैत्रिणीनं अंगावर घेतलंय. परवा विचारत होती, जाजम एक पुरेल की दोन आणायच्या? आम्ही म्हटलं, दोन आण, पण जोडून अंथर.

तिळगूळ घ्या, गोड बोला. पुन्हा भेटू.